ताईला न दिसलेला शनी

सुरुवातीलाच सांगून टाकतो. मी माझ्या मोठ्या बहिणीशी तीनदा खोटं बोललो आणि चौथ्यांदा नुसती मान हलवली. त्यानंतरची सगळी वर्षं त्या खोट्याच्या आधाराने तिचा लाडका भाऊ होऊन राहिलो. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो, ही सबब बरेच दिवस मनाशी बाळगली. पण अकराव्या वर्षी मला काय कळत होतं आणि काय नव्हतं, हे मला चांगलं आठवतं. सगळं कळत होतं. घरातल्या इतरांनीही तिला फसवलं. मायनं, बाबांनी, दौलतमामानं. ते आता कोणी उरले नाहीत, त्यांचं त्यांच्यापाशी. मला माझं लिहायचं आहे.

आम्ही भिलाईत सेक्टर २ मध्ये राहत होतो. कारखाना पुरता उभा राहिलेला नव्हता आणि आमचा सेक्टरही नाही. एका गल्लीत विजेचे दिवे लागलेले, तर पलीकडच्या गल्लीत नुसत्या विटांच्या भिंती आणि त्यांच्यावर मजुरांची लुगडी वाळत घातलेली. बाबांनी भंडाऱ्याकडची धानाची शेती भावांच्या हवाली केली आणि ते इथे लोखंडी प्लेटी वाकवण्या-जोडण्याच्या कामाला लागले. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे भिंत घातलेलं अंगण. अंगणात नळ होता आणि मायला त्या नळाचं इतकं अप्रूप, की भांडी घासून झाली तरी ती तिथेच बसून राही. सकाळी भोंगा झाला की सायकलींच्या घंट्यांची एक लाट रस्त्यावरून जाई आणि मग दिवसभर दूरवरून हातोड्यांचे आवाज येत राहत. आमच्या वह्यांना सिमेंटच्या पोत्याच्या खाकी कागदाची कव्हरं असत. त्या कागदातून बारीक भुकटी निघे आणि दप्तरातल्या पोळीच्या डब्यावर बसे. सिमेंटचा वास आला की मला अजूनही शाळा आठवते.

अंधार पडल्यावर भट्टीतला तापलेला स्लॅग, म्हणजे लोखंडाचा वितळलेला मळ, गाड्यांतून नेऊन उतारावर ओतत. ओतला की अर्धं आकाश नारिंगी होई. आमच्या अंगणात उजेड पडे, मायनं त्या उजेडात सुईत दोरा ओवलेला मी पाहिला आहे. आम्हा पोरांना त्याचा फार अभिमान. गावाकडून कोणी आलं की आम्ही त्याला अंगणात नेऊन उभं करायचो आणि आमचं आकाश दाखवायचो. एकट्या ताईला ते आवडत नसे. "आपल्याइथं आभाळ नाही, निसतं छत हाये," असं ती म्हणायची. गावी असताना ती आजोबांबरोबर खळ्यावर झोपायची, तेव्हाचे तारे तिला आठवत होते. मला गावचं काहीच आठवत नव्हतं.

ताईचं नाव शकुंतला. अकरावीत होती आणि गणितात तिचा हात धरणारं वर्गात कोणी नव्हतं. परीक्षा द्यायची, मग मास्तरीण होण्याचं ट्रेनिंग करायचं, हे तिनं ठरवलेलं होतं आणि बाबांनी त्याला होकार दिलेला होता. त्या उन्हाळ्यात एकदा तिला पाहायला माणसं आली होती. पोहे झाले, नाव-गाव विचारून झालं, तेव्हा ही शांतपणे म्हणाली, "मले मास्तरीण व्हाचं हाये. तोवर लग्न नाही कराचं." माणसं उठून गेली. सोयरीक दौलतमामानं आणलेली. मामा खाणीत मुकादम होता, चार लोकांत त्याच्या शब्दाला वजन होतं. तो त्या दिवशी जेवलासुद्धा नाही. मायला ते फार लागलं.

पुढं पावसाळ्यानंतर बाबांनी घरात एक नवीन विषय आणला. खाणीच्या वाटेवर एक टेकडी आहे, तिच्यावर रायपूरच्या एका कॉलेजातून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर छोटी वेधशाळा बांधत होते. दगडी खोली झाली होती, दुर्बीण त्यांच्याजवळ होती, अडलं होतं ते छपराशी. घुमट गोल फिरायला हवा आणि त्यातली एक फट उघडायला हवी. कोणाच्या तरी ओळखीनं ते काम बाबा आणि त्यांच्या जोडीदारांपाशी आलं आणि त्यांनी ते हौसेनं, सुटीच्या दिवशी, उरलेल्या पत्र्यांतून केलं. बाबांनी आम्हाला घुमट कसा करतात ते संत्रं सोलून दाखवलं. सालाच्या बारा पाकळ्या केल्या आणि परत जोडून म्हणाले, "पाहा, सपाट पत्र्याचा गोल असा होते. पत्रा वाकते, पण वाकवताना घाई नाही चालत." मग फोडी आम्हा तिघांना वाटल्या, तिघं म्हणजे ताई, मी आणि पाच वर्षांची बेबी. "घुमट बसला की तुमाले सगळ्याइले नेतो," बाबा म्हणाले. "शकू, तुले शनी दाखवतो."

त्या दिवसापासून घरात दुसरं बोलणं नव्हतं. ताईनं सिमेंटच्या पोत्याचा एक अख्खा कागद उलगडून त्यावर शनी काढला, कडं आणि सावलीसकट, आणि स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवला. त्याच्या शेजारी सहलीचं वेळापत्रक. किती वाजता निघायचं, ट्रकमध्ये कोणी कुठे बसायचं, बेबीला गाडी लागते म्हणून तिच्यासाठी लिंबू, बाबांचा मफलर, मायची चादर. दिवससुद्धा तिनंच काढला होता. बाबांची आठवड्याची सुटी मंगळवारी असे. दिवाळीनंतरचा पहिला मंगळवार, कारण तेव्हा चंद्र लहान असतो आणि लवकर मावळतो, तारे भरपूर दिसतील. रोज जेवताना ती आम्हाला एकेक गोष्ट सांगे. शनीचं कडं कशाचं आहे, ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माणसाला कळलंच नाही की ते काय आहे. माय भाकरी थापता थापता म्हणे, "शनी काय पाहाची गोष्ट हाये का वो? लोक त्याच्या नजरेतून सुटाले तेल वाहतात अन् तू त्याच्याकडं डोळे लावून पाहाले चालली." ताई हसे. "माय, तो तिकडं आपल्या कामात हाये. त्याले सेक्टर दोन माहीत बी नाही."

भाऊबीजेला दौलतमामा आला. सकाळी ताईनं मला ओवाळलं होतं. कपाळाला कुंकू, हातात अनारसा घेऊन मी मागच्या अंगणात, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली बसलो होतो. ताई बेबीला घेऊन शेजारी गेली होती. आत मामाचा आवाज आला.

"पोरगा हजेरीबाबू हाये आमच्या खाणीत. घरी एक माय, बस. क्वार्टर मिळालं हाये. अजून काय पायजे?"

"अन् मागच्या खेपेसारखं झालं तं?" माय म्हणाली.

"म्हणूनच म्हणतो, पोरीले सांगाचंच नाही. तुमी टेकडीवर शनी पाहाले या. ते बी शनी पाहाले येतीन. दोन गोष्टी बोलतीन, चहा पितीन, पोरगी पाहून घेतीन. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू. पुनवेच्या आदल्या दिवशी रविवार हाये, त्याइले बी सुटी."

मग बाबांचा आवाज आला. "दौलत, मी तिले शब्द देला हाये."

"शब्द शनीचा देला न? तो तं दाखवूनच राहिलो आपण," मामा म्हणाला आणि हसला. बाबा हसले नाहीत, पण पुढं बोललेही नाहीत. बाबांचं ते न बोलणं मी अजून ऐकतो.

"शनी नोको," माय एकदम म्हणाली. "दाखवाच्याच दिवशी पोरीनं शनीच्या डोळ्याले डोळा लावाचा? बाकी सगळे पाहा, तिले तिथं जाऊ नाही देणार मी." आणि हे म्हणता म्हणता ती खिडकीशी आली, तिनं खाली मला पाहिलं. "काय गा, कवापासून बसला हायेस इथं?"

मला वाटलं आता मार बसणार. पण मामा खिडकीतून वाकून म्हणाला, "राहू दे वो. मोठा झाला आता आपला भासा. त्याले आपल्यात घेऊ." आत बोलावून त्यानं मला स्वतःशेजारी पाटावर बसवलं आणि समजावून सांगितलं, जसं एखाद्या जोडीदाराला काम वाटून द्यावं तसं. "तुह्या ताईचं भलं होऊन राहिलं. तिले सांगाचं नाही. अन् दुर्बिणीपाशी तिचा नंबर आला, की तिले कायच्या तरी निमित्तानं बाजूले न्याचं. हे काम तुहं. जमते का?" मी म्हणालो, जमते. मला कशाचीही लालूच दाखवली नव्हती. मोठ्या माणसांनी पाटावर शेजारी बसवलं, एवढ्यावर मी गेलो. कपाळावरचं कुंकू अजून ओलं होतं.

ताईचा मंगळवार गेला. ट्रक मिळाला नाही, असं बाबांनी तिला सांगितलं. मग रविवार ठरला आणि मायनं तळणाला सुरुवात केली. तिखट पुऱ्या, लाखोळीच्या डाळीचे वडे, दिवाळीच्या उरलेल्या करंज्या डब्यात मोजून बाजूला. ताई पुऱ्या लाटता लाटता थांबली. "माय, पाच जणाइले एवढ्या पुऱ्या कावून?" "वारं लागलं की भूक लागते," माय म्हणाली. "अन् रविवार कावून? बाबाचा ऑफ तं मंगळवारी असते. पुनवेच्या आदल्या दिवशी तारे पाहाले कोण जाते?" माय कढईत पाहत राहिली. रविवारची बाबांची पाळी त्यांचे कारखान्यातले जोडीदार साहूकाका यांनी स्वतःवर घेतली होती. ते तसं सांगायला घरी आले तेव्हाही ताईनं त्यांना तेच विचारलं. त्या भल्या माणसाला काही माहीत नव्हतं. "अरे बेटी, इतवार होय कि मंगल," ते म्हणाले, "लइका मन घूम के आहीं, बस." पोरांनी फिरून यावं, एवढंच त्यांना हवं होतं.

संध्याकाळी ताईनं मला नळाशी बोलावलं. हातपाय धुवायच्या निमित्तानं ती वाकली आणि हळू म्हणाली, "वसंता, खरं सांग. घरात काही शिजून राहिलं का?"

मी म्हणालो, "नाही. मास्तरांनीच रविवार सांगितला बाबाले. शनीले चांदणं आडवं येत नाही म्हणे."

हे मी जागच्या जागी रचलं होतं, आणि गंमत अशी की ते खरं निघालं. ताई क्षणभर विचार करून म्हणाली, "हो, ते बरोबर हाये. शनी तेजस्वी असते. बाकीचे तारे नाही दिसणार, पण तो दिसंन." तिचा चेहरा मोकळा झाला. "माह्याच डोक्यात काही तरी येते. मागच्या वेळेपासून मले सगळ्याइचा संशय येते." आणि तिनं ओल्या हातानं माझे केस विस्कटले. हे पहिलं खोटं.

रविवारी दुपारी आम्ही निघालो. ओळखीच्या ट्रकमध्ये सतरंजी टाकून बसलो. मायनं ताईला स्वतःची मोरपंखी साडी नेसवली होती. टेकडीवर थंडी असते, सुती चालणार नाही, असं सांगून. ताई सगळ्या वाटेनं गात होती. बेबीला लिंबू काही कामाला आलं नाही, तिला दोनदा उलटी झाली आणि मग ती ताईच्या मांडीवर झोपली. टेकडीखाली उतरलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. अर्ध्या वाटेवर वळणापाशी चौकीदाराची टपरी, तिथून पुढं दगडी पायऱ्या, आणि वर तो घुमट, चांदीच्या रंगाचा, मावळतीचं सगळं ऊन अंगावर घेतलेला. बाबा तिथं पोचले आणि बोटाच्या पेरांनी पत्र्यावर टकटक करून पाहू लागले, जसं टरबूज पाहतात. सांधे कुठे आहेत ते त्यांनी मला दाखवले. बोटानं शोधल्याशिवाय सापडत नव्हते. मी पुढं कितीतरी वेळा विचार केला, की इतका सुबक घुमट करणारा माणूस त्या दिवशी मुलीकडे का पाहू शकला नाही, आणि मग लक्षात येतं की तो घुमटाकडे म्हणूनच पाहत होता.

मामा आधीच आलेला होता. त्याच्यासोबत हिरव्या लुगड्यातली एक वयस्क बाई आणि स्वेटर घातलेला एक सडपातळ तरुण. "हे बी आपल्या खाणीतलेच," मामा म्हणाला. "शनी पाहाले आले." चादर अंथरली, डबे उघडले. आणि ताई त्या दिवशी जशी होती तशी मी तिला नंतर कधी पाहिली नाही. त्या बाईनं विचारलं, "काय वो बाई, असं काय दिसते त्याच्यात?" तर ताईनं एक पुरी घेतली, तिच्या मधोमध भोक पाडलं आणि त्यात आवळा बसवला. "हा शनी," ती म्हणाली. "अन् हे त्याचं कडं. पण पुरीसारखं अखंड नाही, बारीक बारीक तुकडे हायेत, लांबून एक दिसते." तो तरुण म्हणाला, "मग खाल्लं तं चालते का?" ताई म्हणाली, "आवळा तुमी खा, कडं मी खातो." सगळे हसले. मी हातातला वडा परत डब्यात ठेवला. मला दिसत होतं की ती बाई ताईचे दात पाहत होती.

मग ती म्हणाली, "जा बरं बाई, तिकडल्या मडक्यातून मले गिलासभर पाणी आण." ताई लगबगीनं गेली आणि ती बाई तिची चाल पाहत राहिली. जाताना आणि येताना. ताई पाणी देऊन तिच्या शेजारीच बसली, तिला थंडी वाजते का विचारलं, मायची चादर काढून तिच्या पायांवर घातली. नंतर कळलं की त्या घरी हीच गोष्ट बोलली गेली: पोरगी मोकळी आहे, हसतमुख आहे, माया करते. हो, होती. कारण तिला कोणी काही सांगितलं नव्हतं.

अंधारून आलं. पूर्वेला मोठा चंद्र वर आला आणि मास्तरांनी घुमट उघडायला सांगितला. बाबांनी खांदा लावून तो फिरवला, लोखंडाची करकर झाली आणि फट उघडली. मास्तर म्हातारे, कानटोपी घातलेले. दुर्बिणीला डोळा लावून थोडा वेळ चाकं फिरवत राहिले आणि म्हणाले, "हं, आला. मघाशी पुरीचा शनी करणारी मुलगी कुठे आहे? तिला आधी पाहू द्या."

मायनं माझ्याकडे पाहिलं. बेबीला मायनं मघाशीच खाली टपरीत, चौकीदाराच्या बायकोपाशी निजवून ठेवलं होतं. मी ताईपाशी गेलो. "ताई, बेबी उठली. तुह्या नावानं रडून राहिली." हे दुसरं.

"आत्ताच?" ताईनं एकदा त्या फटीकडे पाहिलं. मग साडी सावरली. "मी आलीच. माहा नंबर ठेवजो." आणि पायऱ्या उतरून गेली.

मी नंबर ठेवला नाही. मास्तरांनी विचारलं, ती कुठे आहे, तेव्हा मामा म्हणाला, येईल येईल, तोवर पोराला दाखवा. मी स्टुलावर चढलो. आधी नुसता काळोख दिसला, मग एक पिवळसर ठिपका थरथरत आला आणि थांबला. डाळीच्या दाण्याहून लहान. आणि त्याला खरोखर कडं होतं. दाण्यापासून सुटं, मधे काळी बारीक फट, अगदी दारावरच्या चित्रातल्यासारखं. मला वाटलं होतं काहीतरी मोठं, भयंकर दिसेल. ते इतकं नाजूक होतं, की मी श्वास रोखून धरला. ताईनं मला महिनाभर सांगितलेलं सगळं तिथं होतं, आणि ती खाली होती. पण मी डोळा काढला नाही. मास्तर "पुरे" म्हणेपर्यंत पाहिलं.

"जा, सांग तिले," माय कानाशी म्हणाली. मी खाली गेलो. बेबी गाढ झोपलेली होती आणि ताई तिला उचलून खांद्यावर घेत होती. "ही तं झोपली हाये गा," ती म्हणाली, "चाल, तिले घेऊनच जाऊ वर."

"नोको," मी म्हणालो. "दुर्बीण बिघडली. काच ढिली झाली म्हणे. कोणालेच नाही दिसलं." तेवढ्यात वरून लोखंडाची करकर ऐकू आली. बाबांनी घुमट बंद केला होता. तो आवाज झाला नसता तर कदाचित तिनं विश्वास ठेवला नसता.

"तुले बी नाही दिसलं?"

"मले बी नाही." हे तिसरं. माझे डोळे भरून आले होते, ते तिला चांदण्यात दिसले. तिला वाटलं, शनी दिसला नाही म्हणून मी रडतो आहे. तिनं बेबीला एका खांद्यावर घेतलं आणि दुसऱ्या हातानं मला जवळ ओढलं. "रडू नोको. पुढच्या वेळी आपण दोघं मिळून पाहू. अमावस्येले येऊ, बाबाच्या ऑफले." परतीच्या ट्रकमध्ये तिनं मला तिच्या पदरात घेतलं होतं. आता माझी मुलगी मला म्हणते, बाबा, तुम्ही कधी आकाशाकडे पाहत का नाही. तिनं घरी एक छोटी दुर्बीण आणली आहे. मी तिला म्हणतो, माझे डोळे अधू आहेत.

चार दिवसांनी मामा साखरेचा पुडा घेऊन आला. "पसंत हाये," तो दारातूनच म्हणाला. ताई अभ्यास करत होती. "कोण पसंत हाये?" तिनं विचारलं. मामानं पुडा मायच्या हातात दिला. तिनं पेन्सिल खाली ठेवली. मला वाटतं तिच्या डोळ्यांसमोरून सगळं एका पाठोपाठ एक जाऊन गेलं असावं; रविवार, पुऱ्या, मोरपंखी साडी. "पाणी मांगितलं होतं त्या बाईनं," ती म्हणाली. "ते त्याच्यासाठी होतं?" मग तिनं आमच्याकडे एकेकाकडे पाहिलं. मायकडे, मामाकडे, आणि बाबांकडे सगळ्यांत जास्त वेळ. बाबा नखांतला काळा मळ काढत होते. शेवटी माझ्यावर तिची नजर थांबली आणि नरम झाली. "वसंता, तुले बी नाही सांगितलं न याइनं?"

मी मान हलवली. नाही.

ती रडली नाही, भांडली नाही. दारावरचा कागद अलगद सोडवून घेतला, चौकोनी घडी घातली आणि मायच्या मसाल्याच्या डब्याखाली ठेवला. तो तिथं वर्षानुवर्षं होता, हळदीचे डाग पडत. लग्न माघात झालं, परीक्षेच्या आधी. भावजी वाईट माणूस नव्हते. पुढं एकदा ते मला म्हणाले होते, "मले वाटलं तिले माहीत हाये. म्हटलं, केवढी धीट पोरगी, पाहाले आलेल्या माणसाले आवळा खाले सांगते." म्हणजे त्यांनाही कोणी सांगितलं नव्हतं. ताईनं संसार नेटका केला, दोन्ही मुलींना शिकवलं, एक आज गणित शिकवते. पण माहेरी आली की ती पाहुण्यासारखी बाहेरच्या खोलीत बसे. बाबांकडे तिनं परत कधी काही मागितलं नाही, आणि बाबांनी तो घुमट परत पाहिला नाही. फक्त माझ्यासाठी ती तशीच राहिली. राखी कधी चुकली नाही. मुलींना ती त्या टेकडीची गोष्ट सांगे आणि दर वेळी शेवट एकच असे: "त्या दिवशी आमी दोघं फसलो. मी अन् वसंता." मायच्या तेरवीला सगळ्या नातेवाइकांदेखत तिनं माझ्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "या घरात एक हाच माह्यासंगं होता." मी पानातला भात कालवत राहिलो. ते वाक्य मला हवं होतं. त्याच्यावर मी जगलो.

ताई-भावजी निवृत्तीनंतर कुम्हारीला येऊन राहिले. दर भाऊबीजेला मी भिलाईहून बसनं तिथं जातो. गेल्या वर्षीही गेलो. पाट मांडलेला होता, तिनं ताटात दिवा लावला, सुपारी ठेवली. ती कुंकवाचं बोट माझ्या कपाळाशी आणत होती आणि मला मामाशेजारचा तो पाट आठवला. मी तिचं मनगट धरलं. "ताई, आधी ऐक," मी म्हणालो. आणि सांगितलं. खिडकीखालचं, नळापाशचं, बेबीचं, दुर्बिणीचं. शनी दिसला होता, मी पोटभर पाहिला, हेही सांगितलं. मधे थांबलो असतो तर पुन्हा बोलता आलं नसतं.

तिनं ताट खाली ठेवलं. दिवा तसाच जळत होता. रस्त्यावरून एक ट्रक गेला, मग दुसरा. ती माझ्याकडे पाहत नव्हती, दिव्याकडे पाहत होती. मग म्हणाली, "म्हणजे त्या टेकडीवर मी एकटीच होती."

मी घरून बरंच काही ठरवून आलो होतो. लहान होतो, घाबरलो होतो, मोठ्यांनी सांगितलं होतं. त्यातलं काहीच बोललो नाही.

"हो, ताई," मी म्हणालो. "एकटीच होती तू. मी तुह्यासंगं नव्हतो, मी त्याइच्यात होतो. चुकलो मी."